दोन दिवसांत जहाजं बघायची आहेत, वास्को की दोनापावल?

फोंड्याचा_मामा
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरहून भाचा येतोय, अकरा वर्षांचा, आणि त्याला जहाजांचं जबरदस्त वेड आहे, वही करून त्यात चित्रं चिकटवतो, कुठल्या जहाजाला काय म्हणतात ते मलाच शिकवतो, पण खरं मोठं जहाज अजून डोळ्यांनी बघितलेलं नाही. माझी अख्खी हयात फोंड्यात गेली, जुवारीच्या पुलावरून जाताना खाली बार्ज (खनिज वाहणारी सपाट बोट) दिसते तेवढंच माझं ज्ञान. स्कूटर आहे, दोन दिवस मोकळे आहेत. मालवाहू जहाज, फेरीबोट, आणि जतन करून ठेवलेलं एखादं जुनं जहाज असेल तर तेही दाखवायचंय. मुरगाव बंदरात आत सोडतात का?

सड्यावरची_वैनी
आत पासाशिवाय सोडत नाहीत, त्या भानगडीत पडूच नका. आणि गरजही नाही हो, वास्कोजवळच्या सड्यावर या, वरून समुद्रात नांगर टाकून उभी असलेली जहाजं दिसतात, सकाळी ऊन पाठीमागून येतं त्यामुळे रंग स्वच्छ दिसतो. पोराला सांगा पाण्याजवळचा तांबडा पट्टा बघ, तो भरपूर वर आला असेल तर जहाज रिकामं, पाण्यात बुडाला असेल तर भरलेलं. खनिजाचे दिवस होते तेव्हा जहाज रिकामं यायचं आणि भरून जायचं, आता कोळशाचं बरोबर उलटं, भरलेलं येतं आणि हलकं होऊन जातं. मला तर दुपारी कपडे वाळत घालताना सुद्धा तो पट्टा बघायची सवय लागलीय. फक्त नौदलाच्या किंवा गोवा शिपयार्डच्या बाजूला कॅमेरा करू नका.

बार्जीवरचा
वैनी बरोबर बोलतात पण मी म्हणेन पहिला दिवस दोनापावल. जेट्टीवरून जुवारीचं तोंड समोर आणि पलीकडे मुरगाव, जहाजाला बंदरात वाट दाखवणाऱ्या पायलटची बोट जाते ती दिसते, टग म्हणजे जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटी चिकटतात ते दिसतं. सकाळीच जा, दुपारनंतर ऊन समोरून येतं आणि सगळं काळंच दिसतं. पायलट जहाजावर चढला की अर्धा पांढरा अर्धा तांबडा बावटा चढतो, आणि नांगरलेल्या जहाजाच्या पुढच्या बाजूला दिवसा एक काळा गोळा टांगलेला असतो, दुर्बीण असेल तर हे दोन्ही शोधायला लावा, मुलांना असलं शोधायला आवडतं. मोबाईलवर मरीनट्रॅफिक अ‍ॅप टाका, जहाजाचं नाव, कुठून आलं, सगळं कळतं. प्रत्येकाला सात आकडी आयएमओ नंबर असतो, नाव बदललं मालक बदलला तरी नंबर तोच राहतो, म्हणून वहीत नावाबरोबर नंबर पण लिहायला सांगा. माझे बाबा बार्जीवर होते, पावसात आग्वादची बार, म्हणजे मांडवीच्या तोंडाशी असलेला वाळूचा बांध, बंद झाली की मांडवीतल्या बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरायच्या आणि तिथून मुरगाव, मी लहानपणी एकदा त्यांच्याबरोबर त्या कालव्यातून गेलोय, दोन्ही बाजूंना खारफुटी आणि मधून ती एवढी मोठी बार्ज, अजून विसरलो नाही.

चोडणकार
फेरीसाठी रायबंदर-चोडण सोडून दुसरीकडे जाऊ नका. 2025 पासून मोठ्या रोरो (गाड्या थेट चढतात-उतरतात अशा) बोटी पण आहेत, पण जुनी सपाट फेरीबोट मिळाली तर तीच घ्या, पुढची फळी घासत धक्क्यावर टेकते तो आवाज त्याला ऐकू दे. जुन्या बोटीत चालत गेलात तर पैसे पडत नाहीत, तीनचार वेळा इकडेतिकडे करा. 5 जुलै 1986 ला मांडवीचा पूल पडला तेव्हा मी शाळेत होतो, पणजी-बेतीला माणसं नुसती फेरीबोटीवर लोटायची, तेव्हा कळलं की आपला गोवा या बोटींवर किती उभा आहे. आणि दिवाडीला नक्की जा, जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरी मिळते. म्हादेई आणि तारिणी, नौदलाच्या ज्या शिडाच्या बोटींनी पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्या दिवाडी बेटावरच बांधलेल्या. 2025 मध्ये पाण्यात उतरवलेली कौंडिण्य ही शिडाची नौका पण गोव्यातच बांधलेली, अजिंठ्याच्या चित्रावरून, फळ्यांना खिळा नाही, काथ्याने शिवलेल्या. ती आता नौदलाकडे गेली, पण कुठल्या गावच्या हातांनी झाली ते बेट तरी त्याने बघावं.

पणजीतला
जतन केलेलं जहाज हवं तर काणकोणच्या पुढे कारवारला जा, किनाऱ्यावर आयएनएस चपल ही क्षेपणास्त्र नौका संग्रहालय करून ठेवलीय, आत चढता येतं. स्कूटरने लांब पडेल, बस बघा. बाकी गोव्यात जुनं जहाज म्हणजे गोष्टच सांगावी लागते. दोनापावलला उभे असाल तर सांगा, 18 डिसेंबर 1961 ला समोरच्या याच पाण्यात पोर्तुगीजांच्या अफोन्सो द आल्बुकेर्क या युद्धनौकेवर आपल्या नौदलाच्या बेतवा आणि बियासने तोफा डागल्या, आणि ते जखमी जहाज बांबोळीच्या किनाऱ्याला चढवलं. त्याच्याही आधी 1943 च्या मार्चमध्ये मुरगावात एहरेनफेल्स नावाचं जर्मन व्यापारी जहाज बुडालं, कलकत्त्याहून आलेल्या इंग्रज मंडळींनी रात्री हल्ला केला म्हणून. आणि सध्याची मोठी माणसं कांदोळीची रिव्हर प्रिन्सेस ही बोट विसरलेली नसणार, 2000 साली वाळूत रुतली ती 2012 पर्यंत तिथेच, किनारा बदलून गेला तिच्यामुळे. मुलाला हेही सांगा, जहाज म्हणजे नुसती शोभा नाही.

फोंड्याचा_मामा
अरे बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, खरंच आभार. मग पहिल्या दिवशी सकाळी दोनापावल, दुपारी चोडण, दुसऱ्या दिवशी पहाटे निघून सडा आणि येताना जुन्या गोव्याहून दिवाडी. कारवार त्याच्या आईला विचारून पुढच्या वेळी. दुर्बीण मात्र नाही माझ्याकडे, फोंड्यात कुठे भाड्याने मिळते का?

सड्यावरची_वैनी
भाड्याने कशाला, आमच्या ह्यांची जुनी आहे, जड आहे पण काळा गोळा स्पष्ट दिसतो. सड्याला आलात की घेऊन जा, पण मग पहिला दिवस सडा करा आणि दोनापावल दुसऱ्या दिवशी.