मदत हवी आहे: लिब्रेऑफिसच्या मराठी भाषांतराला हातभार लावायचाय

नमस्कार मंडळी,
ऑफिसातली सगळी पत्रं मी लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरच्या रायटरमध्येच करते. आता त्याच्या मराठी भाषांतरात हातभार लावायची मनापासून इच्छा आहे. कोडिंग येत नाही, पण वेबलेट या भाषांतराच्या वेबसाइटवर खातं उघडलंय आणि पहिल्याच ओळींना अडलेय. मेनूतल्या इंग्रजी शब्दांत एखाद्या अक्षराआधी टिल्ड (~) किंवा अंडरस्कोर (_) असतो, आल्ट आणि ते अक्षर दाबून ती आज्ञा निवडता यावी म्हणून. मराठीत तो कुठे द्यायचा? शब्दाची सुरुवातच जोडाक्षराने होत असेल तर? ‘फॉरमॅट’ला ‘स्वरूप’ म्हणायचं की ‘फॉरमॅट’च ठेवायचं, हे कोण ठरवतं? मला तरी ‘स्वरूप’ आवडतं. आधी कुणी हे काम केलं असेल तर कृपया सांगा. रोज संध्याकाळी तासभर नक्की देऊ शकते.