बायबल वाचताना लेवीयमध्ये अडकलात ना, मग मार्कपासून घ्या

बायबल उत्पत्तीपासून, म्हणजे पहिल्या पुस्तकापासून, वाचायला घेतलं आणि लेवीय या नियमांच्या पुस्तकात येऊन थांबलो असं तुम्ही लिहिलंय, माझं हेच दोनदा झालं. मग आम्ही चौघांनी ठाण्यात तलावपाळीजवळ एका मैत्रिणीकडे दर शुक्रवारी बसायचं ठरवलं आणि थेट मार्क, म्हणजे येशूच्या जीवनावरचं छोटं पुस्तक, घेतलं, १६च अध्याय आहेत, आठवड्याला एक. एकाने मोठ्याने वाचायचं, मग पाच मिनिटं कोणी काहीच बोलायचं नाही, हे नक्की करा, नाहीतर ज्याला जास्त माहितीये तोच बोलत राहतो.

नंतर लूक घेतलं, तेही येशूच्या जीवनावरचंच. १५वा अध्याय, हरवलेलं मेंढरू, नाणं आणि मग उधळ्या मुलाची गोष्ट (धाकटा वाटणी उधळून परत येतो, बाप मेजवानी देतो, थोरला रुसून बाहेरच राहतो), संडे स्कूलपासून ऐकलेली, मला वाटलं यात आता नवीन काय. तर एकजण हळूच म्हणाला, थोरला भाऊ शेवटी घरात गेला का हे लिहिलेलंच नाहीये, बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतो आणि गोष्ट तिथेच संपते. तो स्वतः तीन वर्षं सख्ख्या भावाशी बोलत नव्हता. त्या रात्री आम्ही पुढे वाचलंच नाही, नुसती प्रार्थना केली. आणि मला पहिल्यांदा कळलं की दारात रुसून उभा असलेला तो मीपण आहे, इतकी वर्षं मी स्वतःला धाकटाच समजत होतो.

आणि हो, भाषा जड वाटली तर दोन भाषांतरं शेजारी ठेवा. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं १९२४चं मिळालं तर तेही बघा, साध्या बायकांना कळावं म्हणून त्यांनी केलं होतं.