किलोच्या भावाने गेलेल्या गाड्या : तुमचे अनुभव लिहा

३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीचा अधिकृत शेवट झाला. शेवटची गाडी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदलेली आणि टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षं. त्या आठवड्यात सगळ्यांनी फोटो काढले, हळहळले. त्याआधी वर्षानुवर्षं याच गाड्या गॅस कटरखाली जात होत्या, तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. म्हणून हा धागा. तुमच्या घरची, गल्लीतली, गॅरेजमधली गाडी कशी गेली ते सांगा. 'आज किती लाख आले असते' एवढ्यावर थांबू नका, तेव्हा ती का मोडली तेही लिहा.

कृष्णाकाठ
आजोबांनी मिलिटरीच्या लिलावातून घेतलेली लो बोनेट जीप होती. ऊस, खत, बाळंतीण, वऱ्हाड, सगळं तिच्यातूनच. पेट्रोल परवडेना म्हणून वडिलांनी तिच्यात मॅटाडोर टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं. ते नुसतं बसत नाही. चासीचे जुने माउंटिंग कापले, पुढचा पत्रा घणाने आत ठोकला, गिअरबॉक्सही बदलली. मूळ विलीज इंजिन वर्षभर गोठ्यात पडून होतं, मग भंगारवाल्याने नेलं. तेव्हा गावात वडिलांचं कौतुक झालं, खर्च निम्म्यावर आणला म्हणून! गेल्या वर्षी पुण्याहून एकजण बघायला आला. बोनेट उघडलं, चासीवरचे वेल्डिंग पाहिले, चहा घेतला आणि गेला.

लालबागचा गॅरेजवाला
पद्मिनीचं दुःख ठीक आहे, पण तिच्या सुट्या भागांसाठी कितीतरी डुक्कर फियाट, म्हणजे पद्मिनीच्या आधीच्या गोलमटोल फियाट, कापल्या गेल्या ते कुणी लिहीत नाही. टॅक्सीवाल्याला इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल पाहिजे. बॉडीशी त्याला काय करायचंय? पारशी म्हातारा वारला की पोरं गाडी काढायची, आम्ही आतला ऐवज काढून घ्यायचो आणि पत्रा हातगाडीवर कुर्ल्याला. याच कुर्ल्यात प्रीमियरच्या कारखान्यात त्या बनल्या होत्या. गोल टेललाइटच्या काचा आम्ही फोडून टाकल्यात, कारण कुणी विचारतच नव्हतं. आता तीच काच शोधायला लोक चोरबाजार पालथा घालतात.

पावसात ढकललेली
थोडं वेगळं लिहिते, रागावू नका. आमची पद्मिनी गेली तेव्हा आई देवापुढे पेढे ठेवून आली होती. स्टिअरिंग ओढून खांदे दुखायचे, घाटात पाणी उकळायचं, पावसात डिस्ट्रिब्युटर ओला झाला की सगळं कुटुंब खाली उतरून धक्का मारायचं. सोसायटीत एकच पार्किंग. ठेवायची कुठे? आणि सगळ्यांनीच सांभाळल्या असत्या तर आज तिला कोण विचारणार होतं?

म्हापशेकर
पोर्तुगीज काळात गोव्यात युरोपातल्या गाड्या यायच्या. मर्सिडीज १८० टॅक्सी म्हणून धावायची म्हटलं तर मुंबईकरांना खरं वाटत नाही. १९६१ नंतर भारताचे आयातीचे निर्बंध इथेही लागू झाले, सुटे भाग मिळेनात. काकाची गाडी फणसाखाली उभी राहिली. खारी हवा आणि पाऊस, तळाचा पत्रा बोटाने तुटायला लागला. शेवटी पडकी विहीर बुजवायची होती, तेव्हा तिला आत ढकलली आणि वर चिरे-माती. त्यावर आता नारळ आहेत.

टू स्ट्रोक
चारचाकीचा धागा असला तरी राजदूत ३५० मोटरसायकलला जागा द्या. १९८३ला आली आणि दशक सरता सरता बंद. ॲव्हरेज ऐकून गिऱ्हाईक पळायचं, भाग महाग. आमच्या गॅरेजच्या मागे ढीग असायचा. ॲल्युमिनियमला लोखंडापेक्षा भाव जास्त, म्हणून सगळ्यात आधी इंजिन फुटायचं, म्हणजे नेमकं जे ठेवायला हवं होतं तेच. आज चांगल्या गाडीला काही लाख मोजतात. तेव्हा दूधवाला साधी राजदूत घ्यायचा, हिला हात लावायचा नाही.

धागाकर्ता
पावसात ढकललेली, तुमचा मुद्दा मान्य. पण मला वेगळाच घोळ दिसतोय. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी पासिंग. २०२१च्या नियमाने व्हिंटेज गाडीला वेगळा नंबर मिळतो, त्यात 'व्हीए' अक्षरं असतात. पण गाडी ५० वर्षांपुढची आणि मूळ रूपातली लागते. मधली पस्तीस वर्षं ती नुसती 'जुनी'. बहुतेक गाड्या तिथेच मरतात. कृष्णाकाठ, मॅटाडोर इंजिनमुळे तुमची जीपही अडेल असं वाटतं.

मिशिगनकर
इथेही तेच. २००९ला सरकारने जुनी गाडी मोडीत द्या आणि नवीवर साडेतीन किंवा साडेचार हजार डॉलर सूट घ्या, अशी योजना काढली. अट अशी की गाडी २५ वर्षांच्या आतली हवी. म्हणजे जुनी असलेली वाचली, जुनी होऊ घातलेली गेली! इंजिन पुन्हा वापरता येऊ नये म्हणून ऑइल काढून सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचे आणि जाम होईपर्यंत चालू ठेवायचे. पावणेसात लाखांहून जास्त गाड्या गेल्या. मी तेव्हा एका डीलरकडे हिशेब लिहायचो. मागच्या आवारात धडधडणारं इंजिन कण्हत थांबायचं, तो आवाज ऑफिसात ऐकू यायचा. चालत आलेल्या गाड्या होत्या त्या, बंद पडलेल्या नव्हे. बंद गाडीला सूटच नव्हती.

नाशिक-८००
वाचतोय. बाबांची १९८५ची मारुती ८०० आहे, पहिली, चौकोनी एसएस८०. चालू आहे, पण दोन दारांचे पत्रे गेलेत. भंगारवाला रविवारी येणार आहे, आई म्हणते अंगण मोकळं होईल.

लालबागचा गॅरेजवाला
रविवार रद्द करा. पुढची जाळी आणि डॅशबोर्ड मूळचाच आहे का? फोटो टाका. पत्र्याचं बघू, माझ्याकडे माणूस आहे.