पावसाळ्यात इन्फ्यूजनच्या लॅमिनेटमध्ये बुडबुडे

प्रश्न (पवई): व्हॅक्यूम इन्फ्यूजनने (हवा काढलेल्या बॅगेत कापडाच्या थरांमध्ये रेझिन ओढून) ग्लास-इपॉक्सीचे, म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड आणि इपॉक्सी रेझिन यांच्या लॅमिनेटचे, नमुने करतोय. जुलैपासून कडेला बारीक बुडबुडे राहतात. गळती की दमटपणा?

उत्तर १: आधी गळती तपासा. बॅगेतली हवा पूर्ण काढून पंपाकडची नळी चिमट्याने बंद करा. 10 मिनिटांत दाब 5 मिलिबारपेक्षा जास्त चढला तर रेझिन सोडूच नका. पहिला संशय कोपऱ्यातल्या सीलंट टेपवर (बॅगेची कड बंद करणारी चिकट पट्टी) घ्या, तिथे घडी पडली की हवा शिरतेच.

उत्तर २: गळती नसेल तर कापड 60 अंशांवर तीन-चार तास सुकवून लगेच बॅगेत घ्या. हार्डनर (रेझिन कडक करणारा घटक) मिसळलेलं रेझिन डिगॅस करा, म्हणजे व्हॅक्यूममध्ये ठेवून त्यातली हवा काढा. हार्डनरचा डबा उघडा ठेवू नका. त्यातलं अमाइन हे रसायन हवेतलं पाणी शोषतं.

उत्तर ३: बुडबुडे फक्त पंपाकडच्या टोकाला आहेत का? मग भरणं संपल्यावर व्हॅक्यूम थोडा कमी करा.