पुणे की स्टुटगार्ट: राहणीमान मोजायचं कशाने?

नेकारकाठ:
सहा वर्षं झाली, जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतोय. त्याआधी कोथरूडला. सुट्टीत घरी गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "हातात पडतात किती, आणि रुपयांत किती होतात?" या हिशेबातून काहीच कळत नाही, असं माझं ठाम मत झालंय.

कर, पेन्शन, आरोग्य विमा कापून पहिला पगार आला तेव्हा मीही हबकलो होतो. कापलेले पैसे कुठे जातात ते मागच्या वर्षी कळलं. मणक्याचं ऑपरेशन झालं, नऊ आठवडे घरी होतो. सहा आठवडे कंपनीने पूर्ण पगार दिला, पुढे विम्यातून पगाराच्या साधारण ७० टक्के येत राहिले. हॉस्पिटलात खिशातून गेले ते दिवसाला १० युरो.

मुलगी पहिलीत आहे. मैत्रिणीचा हात धरून चालत शाळेत जाते, बरोबर मोठं कुणी नसतं. झेब्रा पट्ट्यांवर पाऊल ठेवलं की गाडी थांबते. आणि माझी आई कर्वे रस्त्याच्या पलीकडच्या औषधाच्या दुकानात जायला रिक्षा करते, कारण तो रस्ता ओलांडायचा तिला धीर होत नाही. मी राहणीमान म्हणतो ते याला.

परत_पुण्यात:
अकरा वर्षं म्युनिकला काढून २०२२ साली परत आले. अजिबात पटलं नाही.

आई रस्ता ओलांडत नाही हे तुम्ही फोनवर ऐकता. मी बाबांना हाताला धरून नेते. गेल्या पावसाळ्यात ते बाथरूममध्ये पडले, रात्री दीड वाजता. समोरच्या काकांनी गाडी काढली, खालच्या वहिनी माझ्या मुलाजवळ येऊन झोपल्या. कुणालाही दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. म्युनिकला शेजारच्या आजोबांशी सात वर्षांत नमस्कारापलीकडे बोलणं गेलं नाही. माणूस चांगला होता, तिथली रीतच तशी.

विम्याचं म्हणाल तर त्वचेच्या डॉक्टरची वेळ मिळायला मला साडेतीन महिने लागले. इथे सकाळी सातला घरी येऊन रक्त घेऊन जातात, संध्याकाळी रिपोर्ट फोनवर. आई-बाबांना तिकडे बोलवायचं तर १८० दिवसांत ९० दिवस. नातवाला आजी कळायला लागते तोवर परतीचं तिकीट.

तळेगाव_लोकल:
मी देशाबाहेर कधी गेलेलो नाही, पण दोघांनाही विचारतो. तुमच्या या पुण्यात पोळ्या करणाऱ्या मावशी कुठे आहेत?

आमच्याकडच्या मावशी चार घरची कामं करतात. त्यांच्या यजमानांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ५ लाखांपर्यंत उपचार मोफत, कार्डही होतं. एका हॉस्पिटलने "योजनेचा बेड रिकामा नाही" म्हणून तीनदा परत पाठवलं. शेवटी शेकडा पाचने ४० हजार उचलले. महिन्याला २ हजार नुसतं व्याज! सकाळी सातला रक्त घ्यायला येणारा मुलगा मावशींच्या वस्तीत जात नाही.

जर्मनीत ऑफिस झाडणाऱ्या बाईलाही आजारपणात पगार मिळतो. तिथलं किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १२.८२ युरो होतं. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकात २०२३ च्या आकड्यांनुसार जर्मनी पाचवा, आपण १३०वे. हे अंतर आपल्यासारख्या फ्लॅटवाल्यांना जाणवत नाही, मावशी ते रोज भोगतात.

परत_पुण्यात:
मावशींचं वाचून वाईट वाटलं, आणि मुद्दा मान्य. पण म्हातारपण तिकडेही स्वस्त नाही. वृद्धाश्रमात विम्याचे पैसे वजा जाता महिन्याला सरासरी ३ हजार युरोच्या आसपास पदरचे भरावे लागतात. म्युनिकच्या आमच्या इमारतीतल्या आजींनी त्यासाठी घर विकलं.

दुसरा_हिवाळा:
मी नाशिकची, नर्स आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून मैत्रिणींचे फोन येतात, "येऊ का गं?" त्यांच्यासाठी लिहितेय.

नेकारकाठ, तुम्ही सांगताय ते जर्मनी इंजिनिअरचं. माझ्या पदवीला मान्यता मिळेपर्यंत मी मदतनीस होते, पगारही तेवढाच. जर्मन भाषेची बी-२ ची परीक्षा दोनदा दिली. घरासाठी चाळीस ई-मेल केले, तीन उत्तरं आली. रविवारी सगळी दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पहिल्या हिवाळ्यात मी रविवारी नुसती रडायचे.

तरी परत जायचं नाहीये. दुपारची पाळी रात्री साडेनऊला संपते. बसस्टॉपवर एकटी उभी राहते, कानात गाणी लावून. नाशिकला पाळी संपली की भाऊ न्यायला यायचा, आणि तो गावाला गेला असला की मी सुट्टी टाकायचे.

नेकारकाठ:
परत_पुण्यात, रात्री दीडच्या त्या प्रसंगावर माझ्याकडे उत्तर नाही. १ मार्च २०२४ पासून कुशल कामगारांना आई-वडिलांना कायमचं आणायची सोय झाली, पण आपला राहण्याचा पहिला परवाना त्या तारखेचा किंवा नंतरचा असेल तरच. माझा २०१९ चा. दुसरा_हिवाळा, तुम्ही चौकशी करून ठेवा. त्यांचा खर्च आणि आरोग्य विमा आपल्याला दाखवावा लागतो.

आईला काल हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तिकडे रस्ता ओलांडेन रे, पण पलीकडे जाऊन बोलू कुणाशी?" डिसेंबरात तीन आठवडे जातोय.

तळेगाव_लोकल, मावशींनी योजनेच्या तक्रार क्रमांकावर कळवलंय का? कागद असतील तर डिसेंबरात आपण दोघं मिळून पाठपुरावा करू.