ॲप, ग्रुप आणि सरकारी काम: तुमच्या गावचा अनुभव लिहा

परवा गावी गेल्तो तर पारावर निम्मी चर्चा केवायसीचीच. फार्मर आयडी, लाडकी बहीण, रेशन, सगळं मोबाईलवर आलंय, पण काम सोपं झालं का अवघड ह्यावर एकमत काय होईना. म्हणून हा धागा. मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांतल्यांनी लिहा, बाहेरचे पण चालतील. पक्षाचं राजकारण नको, स्वतःचं काय झालं तेवढंच सांगा.

सेलूकर:
ई-पीक पाहणीपासून सुरू करतो, म्हणजे आपला पेरा आपणच मोबाईल ॲपवर नोंदवायचा. 2021 ला आली तेव्हा आमच्या अण्णांनी साफ सांगितलं, पेरा लिहायचं काम तलाठ्याचं, मी का करू. झालं, सातबाऱ्यावर सोयाबीनच नाही अन् हमीभाव केंद्रावर तर पेऱ्याची नोंद मागतेत, मग व्यापारी देईल त्या भावात घालावं लागलं. आता मीच सुट्टीला येऊन करतो. फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो, पण शेतात रेंज नसली तरी चालतंय, काढून ठेवायचा अन् गावात येऊन अपलोड मारायचा. हे कित्येकांना माहीतच नाही, रेंज हुडकत बांधाबांधानं फिरायलेत बिचारे.

सेविकाताई:
मी अंगणवाडी सेविका, बीड जिल्हा, गाव विचारू नका. 2021 ला राज्यभर सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले होते ते आठवत असंल, मोबाईल हँग व्हायचे अन् पोषण ट्रॅकर, म्हणजे आमचं नोंदी भरायचं ॲप, इंग्रजीत. भांडल्यावर मराठी आली. रजिस्टरं लिहायचं कमी झालं हे पण खरंय, उगं खोटं कशाला बोलू. पण जुलै 2025 पासून घरी न्यायचा आहार द्यायचा तर आधी चेहरा पडताळणी. आमच्या वस्तीतली बरीच घरं दिवाळीच्या सुमाराला टोळीसोबत ऊस तोडायला जातेत, कोण सांगलीकडं कोण कर्नाटकात, अन् बारकं लेकरू कधी कधी आजीपाशी राहतं. म्हातारी येती आहार न्यायला आणि ॲपला पाहिजे आईचं तोंड! ते पण डोळे मिचकावून. आईला फडातून ओटीपी विचारावा तर फोन नवऱ्याच्या खिशात, तो मोळ्या टाकायला गेलेला. इकडं ग्रुपवर रोज यादी पडती, कुणाचं किती टक्के झालं, मागं राहिलेली नावं लाल रंगात. मी म्हातारीला मोकळ्या हातानं परत लावत नाही एवढंच सांगते, कसं ते लिहीत नाही.

लातूरचा पाव्हणा:
ताई, लिहू पण नका. स्क्रीनशॉट मारणारे लई असतेत.

परांडा तालुका:
सप्टेंबर 2025 च्या पुराचं सांगतो. सीना अशी फुगलेली आमच्या म्हाताऱ्यांनी पण बघितली नव्हती. वाडीला वेढा पडला, फोन लागेनात, मेसेज तेवढा अडकत अडकत जायला. एकानं पत्र्यावर चढून लोकेशन टाकलं, पुण्यातल्या पोरांनी ते तहसीलपर्यंत पोचवलं अन् बोट आली. आणि तोच ग्रुप रातच्याला ‘धरण फुटलं’ म्हणून ओरडायला लागला, सोबत कुठल्यातरी दुसऱ्याच राज्यातला व्हिडिओ. लोक अंधारात लेकरं-म्हातारे घेऊन माळाला पळाले. मग पाटबंधाऱ्यातल्या एका ओळखीच्यानं विसर्गाचा सरकारी कागद टाकला, इतके क्युसेक सोडलेत म्हणून, तेव्हा कुठं लोक जाग्यावर आले. आता आमच्याकडं नियमच केलाय, क्युसेकचा आकडा अन् वेळ नसली तर पाण्याची पोस्ट टाकायची नाही. पाळतेत पण, नवल म्हणजे.

घनसावंगीकर:
2023 ला मराठा आरक्षणासाठी जुन्या कुणबी नोंदी हुडकणाऱ्या शिंदे समितीच्या वेळी त्या नोंदींचे स्कॅन जिल्ह्याच्या वेबसाईटवर पडले. गावातली पोरं रात्र रात्र पीडीएफ उघडून बसायची, पण मोडी कुणाला येती? निजामाच्या वेळचं तर काही काही उर्दूत. शेवटी मशिदीजवळच्या चाचांनी चष्मा लावून आमच्या पणज्याचं नाव काढून दिलं, झूम करून करून मोबाईल तापला होता.

नांदेडी झटका:
आमच्या ग्रामपंचायतीचा ग्रुप आहे ना. नळाला पाणी कवा, एवढं विचारलं की पलीकडून अंगठा यायचा. दोघी-तिघींनी रिकाम्या घागरींचे फोटो टाकले तर दुसऱ्या दिवशी ‘ओन्ली ॲडमिन’. आता नुसते वाढदिवस अन् बॅनर.

लातूरचा पाव्हणा:
झटका भाऊ, ग्रुपवर विचारलेलं ते विचारलंच नाही असं धरतेत. ‘आपले सरकार’ ह्या सरकारी वेबसाईटच्या तक्रार पोर्टलवर टाका, नंबर घ्या. दाखल्यांचं तर सोपंय, 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे, प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली, मुदतीत नाही दिलं तर अपील, अन् अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. माझ्या लेकीचं नॉन-क्रिमिलेअर अडकलेलं, ॲडमिशनची तारीख डोक्यावर. नुसती पावती दाखवून म्हणलं साहेब अपील टाकू का, दुपारी सही.

नांदेडी झटका:
टाकतो की. सध्या लॉगिनचा ओटीपीच येईना गेलाय, गच्चीवर जाऊन बघतो.