मदत हवी आहे : हायपरकारच्या किमतीतला रेसिंगचा वाटा कसा काढावा?

शून्य ते शंभर

नमस्कार. एका वार्षिकांकासाठी हायपरकारवर, म्हणजे मोजक्याच बनणाऱ्या अतिवेगवान आणि अतिमहाग गाड्यांवर, लेख लिहिला आहे. मजकूर पूर्ण आहे, फक्त शेवटच्या तक्त्यापाशी घोडे अडले आहे. तक्त्यात पाच गाड्या आहेत आणि प्रत्येकीपुढे तीन रकाने आहेत : किंमत, रेसिंगमधून आलेले तंत्रज्ञान, आणि त्या तंत्रज्ञानामुळे किमतीत पडलेली भर. पहिले दोन भरून झाले. तिसरा भरता येत नाही, कारण कोणतीही कंपनी हा आकडा जाहीर करत नाही, आणि रकाना रिकामा ठेवला तर संपादक लेख परत पाठवतील. या पाच गाड्यांच्या किमतीत रेसिंगचा वाटा किती टक्के आहे, हे काढण्याची रीत कोणाला ठाऊक आहे का? मजकूर उद्या दुपारपर्यंत द्यायचा असल्यामुळे नमनाला घडाभर तेल नको.

मंदगती

कोणत्या पाच गाड्या, हे तुम्ही लिहिलेलेच नाही.

शून्य ते शंभर

या विषयावर लिहिताना ज्या घेतल्या जातात त्याच. मर्सिडीज-एएमजी वन, ॲस्टन मार्टिन वाल्किरी, फेरारी एफ८०, फॉर्म्युला वनच्या गाड्या आखणारे गॉर्डन मरी यांची टी.५० आणि तुलनेसाठी जुनी मॅक्लारेन एफ१. आता कृपया टक्केवारीकडे वळावे.

जुना पिस्टन

टक्केवारी काढायचीच असेल तर मॅक्लारेन एफ१ पासून काढा, कारण बाकीच्या चारही गाड्या तिच्या सावलीत उभ्या आहेत. कार्बन फायबरचा सांगाडा मॅक्लारेनने १९८१ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये आणला आणि १९९२ मध्ये सादर केलेल्या या गाडीत तो रस्त्यावरच्या गाडीचा संपूर्ण सांगाडा झाला. वजन सुमारे १,१४० किलो, मागे बीएमडब्ल्यूचे ६.१ लिटरचे बारा सिलिंडरचे इंजिन, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारे यंत्र) नाही, गाडी ओढायला बॅटरी नाही. ही गाडी शर्यतीसाठी आखलेली नव्हती, तरी तिच्या शर्यतीच्या आवृत्तीने १९९५ मध्ये ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. माझ्या मते रेसिंगचे खरे तंत्रज्ञान म्हणजे हलकेपणा. त्यानंतर जे आले ते आधी वजन वाढवायचे आणि मग ते वजन ओढण्यासाठी मोटरी लावायच्या, अशा प्रकारचे आहे. एएमजी वनचे वजन १,७०० किलोंच्या आसपास आहे, एवढे सांगितले तरी पुरे.

ताळेबंद

शून्य ते शंभर, पहिला रकाना भरला आहे असे तुम्ही म्हणता, पण त्यात कोणती किंमत लिहिली आहे? करासह की करावेगळी? कोणत्या वर्षाची? मॅक्लारेन एफ१ नवी असताना करावेगळी ५,४०,००० पौंडांना मिळत असे, आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये पेबल बीचच्या लिलावात तिचा एक नमुना २ कोटी ४ लाख ६५ हजार डॉलरला गेला. या दोन आकड्यांमधल्या वाढीत तंत्रज्ञानाचा काहीही संबंध नाही, कारण गाडी तीच आहे. एकूण १०६ गाड्या बनल्या आणि पुढे बनणार नाहीत, एवढ्याचीच ती किंमत आहे.

शून्य ते शंभर

मॅक्लारेनपुढे लिलावाची किंमत लिहिली आहे, इतर चौघींपुढे कंपनीची. दोन्ही आकडे खरेच आहेत. माझा प्रश्न तिसऱ्या रकान्याचा आहे.

ताळेबंद

आकडे खरे असले तरी ते एकाच रकान्यात शोभत नाहीत, कारण एक कारखान्याचा हिशेब आहे आणि दुसरा संग्राहकांच्या हौसेचा. पहिला रकाना असा असेल तर तिसऱ्यातले टक्के कशाचे काढणार?

विजेरी

मुळात शर्यतीचे इंजिन रस्त्यावर आणण्याची गरजच काय, हा प्रश्न तुमच्या लेखात असायला हवा. रिमॅक नेव्हेरा पाहा. चार विजेच्या मोटरी, १,९१४ अश्वशक्ती, ताशी ४१२ किलोमीटरचा कमाल वेग आणि १५० गाड्यांची मर्यादा. तिने कोणत्याही शर्यतीच्या गाडीचे इंजिन उसने घेतलेले नाही आणि वेग वाढवण्याच्या बाबतीत ती तुमच्या पाचही गाड्यांना मागे टाकते. तक्त्यात ही सहावी ओळ अवश्य घालावी.

जुना पिस्टन

ज्या माते रिमॅक यांनी ती गाडी घडवली, त्यांच्याच नेतृत्वाखाली बुगाटीने २०२४ मध्ये तूरबियाँ सादर केली आणि तिच्यात कॉसवर्थ या इंजिने बनवणाऱ्या कंपनीने बनवलेले ८.३ लिटरचे, सोळा सिलिंडरचे, टर्बोविना चालणारे इंजिन बसवले. विजेने सगळे भागले असते तर हा खटाटोप त्यांनी केला नसता.

विजेरी

त्या तूरबियाँतही तीन विजेच्या मोटरी आहेत, हे सांगायचे तुम्ही सोयीस्करपणे टाळले.

शून्य ते शंभर

सहावी ओळ नको आहे. पानात जागा नाही.

वातरोध

मूळ प्रश्नावर येतो. तिसऱ्या रकान्याची मांडणीच उलटी आहे असे मला वाटते. 'रेसिंगमधून तंत्रज्ञान आणले, म्हणून गाडी महाग झाली' असे तुम्ही गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात शर्यतीचे यंत्र उचलून आणण्यापेक्षा ते रस्त्यावर शहाण्यासारखे वागेल असे करणे अवघड असते आणि खर्चही तिथेच होतो. एएमजी वन हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. तिचे १.६ लिटरचे, सहा सिलिंडरचे हायब्रिड इंजिन थेट फॉर्म्युला वनच्या इंजिनाच्या घराण्यातले आहे. शर्यतीतले हे इंजिन नुसते उभ्या गाडीत चालू ठेवायचे तरी मिनिटाला ५,००० च्या आसपास फेरे घेते, आणि ते थंड असताना सुरूही करता येत नाही, त्यातली द्रव्ये आधी बाहेरून गरम करावी लागतात. रस्त्यासाठी ते फेरे १,२०० पर्यंत उतरवायचे, तरीही धुराचे नियम पाळायचे, हे काम इतके चिवट निघाले की २०१७ मध्ये फ्रँकफर्टला दाखवलेल्या गाडीचे उत्पादन सुरू व्हायला २०२२ उजाडले. धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक लवकर तापावेत म्हणून ते विजेने तापवण्याची सोय करावी लागली. बाजारात मिळणाऱ्या पेट्रोलवर इंजिन टिकावे म्हणून फेऱ्यांची कमाल मर्यादा ११,००० ठेवली, आणि इतके करूनही ५०,००० किलोमीटरनंतर इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करावे लागते.

ब्रेकचेही तसेच आहे. फॉर्म्युला वनमधल्या कार्बन-कार्बन तबकड्या तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत, त्यामुळे सिग्नलला थांबणाऱ्या गाडीत त्या निरुपयोगी ठरतात. रस्त्यावरच्या गाड्यांत म्हणून कार्बन-सिरॅमिक वापरतात, जे थंड असतानाही काम करते. नावे जवळची वाटली तरी हे दोन पदार्थ वेगळे आहेत. तुमच्या दुसऱ्या रकान्यात 'रेसिंगचे ब्रेक' असे लिहिले असेल तर ते तपासून घ्या.

शून्य ते शंभर

एएमजी वनचा मुद्दा समजला. मग तिच्यापुढे टक्केवारी किती लिहू?

ताळेबंद

टक्केवारी लिहू नका. निदान भागाकार करून पाहा. करावेगळी किंमत २२.७५ लाख युरो आणि गाड्या २७५, म्हणजे सगळ्या गाड्या विकून येणारी रक्कम सुमारे ६२.५ कोटी युरो. पाच वर्षांहून अधिक चाललेले इंजिनाचे काम, धडक-चाचण्या, धुराची प्रमाणपत्रे, सुटे भाग, पुढच्या देखभालीची तयारी, हे सगळे याच रकमेतून भागवायचे. हाच खर्च दोन लाख गाड्यांवर पसरला असता तर प्रत्येक गाडीवर तीन हजार युरोच पडले असते. त्यामुळे 'रेसिंगचा वाटा' हा आकडा तंत्रज्ञानाइतकाच भाजकावर अवलंबून असतो, आणि भाजक कंपनी स्वतः ठरवते. एफ८० च्या ७९९ गाड्या, वाल्किरी कूपेच्या १५०, टी.५० च्या १००. तिसऱ्या रकान्यात हीच संख्या लिहिली तर निदान ती खरी असेल.

जुना पिस्टन

कंपन्या भाजक लहान का ठेवतात, हेही सांगा. मागणीपेक्षा कमी गाड्या बनवल्या की वापरलेली गाडी नवीपेक्षा महाग होते. २०१७ मध्ये एका ग्राहकाने आपली फोर्ड जीटी लगेच विकली म्हणून कंपनीने त्याच्यावर दावा ठोकला होता, आणि तो ग्राहक म्हणजे कुस्तीपटू जॉन सीना. ती गाडी मिळवण्यासाठी अर्ज करावा लागत असे.

मंदगती

ती पाच गाड्यांत नाही. शून्य ते शंभर, आणखी एक राहिले. 'रेसिंग' म्हणजे तुम्ही फक्त फॉर्म्युला वन धरले आहे की ल मां सुद्धा? दोन्हींचे नियम अगदी वेगळे आहेत.

शून्य ते शंभर

दोन्ही. एफ८० साठी ल मां, बाकीच्यांसाठी फॉर्म्युला वन. हे उघडच आहे.

वातरोध

तितके उघड नाही, आणि तुमच्या दुसऱ्या रकान्यातली अडचण इथेच आहे. एफ८० चे तीन लिटरचे, सहा सिलिंडरचे टर्बो इंजिन ल मां जिंकणाऱ्या ४९९पी या फेरारीच्याच शर्यतीच्या गाडीशी नाते सांगते, हे खरे. पण ४९९पी चे इंजिन स्वतः फेरारी २९६ या रस्त्यावरच्या गाडीच्या घराण्यातून आले आहे. म्हणजे ते आधी रस्त्यावरून शर्यतीत गेले आणि मग सुधारून परत आले. याच्या वाट्याचे टक्के कोणत्या दिशेने मोजणार? वाल्किरीचे ६.५ लिटरचे, बारा सिलिंडरचे इंजिन तर कोणत्याच शर्यतीच्या गाडीतून काढलेले नाही, ते कॉसवर्थने तिच्यासाठीच बनवले. टी.५० चे इंजिनही कॉसवर्थचेच, ३.९ लिटर, १२,१०० फेरे. ज्या कंपनीच्या डीएफव्ही इंजिनाने फॉर्म्युला वनच्या १५५ शर्यती जिंकल्या, तिच्याकडून ही कामे करून घेतली, आणि वाल्किरीच्या आखणीत फॉर्म्युला वनच्या गाड्या आखणारे एड्रियन न्यूई होते. इथे शर्यतीतून सुटा भाग आलेला नाही, माणसांचा हात आला आहे. तो तक्त्यात कसा बसवायचा हे मला तरी सुचत नाही.

याहून विचित्र गोष्ट अशी की या गाड्यांतले कित्येक नवल शर्यतीत चालतच नाही. जमिनीपासून गाडीची उंची स्वतःहून राखणारे सक्रिय सस्पेन्शन फॉर्म्युला वनने १९९३ च्या हंगामानंतर बंद केले, एफ८० मध्ये ते आहे. टर्बोला जोडलेली विजेची मोटर, जिच्यावर एएमजी वनचा सगळा डौल आहे, ती फॉर्म्युला वनने २०२६ पासून नियमांतून काढून टाकली. उलट वाल्किरी २०२५ मध्ये ल मांला उतरली तेव्हा तिची हायब्रिड यंत्रणा काढलेली होती, आणि त्या गटातल्या शक्तीच्या मर्यादेमुळे ती सुमारे ६८० अश्वशक्तीच्या आतच धावते. रस्त्यावरची वाल्किरी १,१०० च्या पुढे जाते. नियमांचे कुंपण शर्यतीच्या गाडीला आहे, श्रीमंताच्या गाडीला नाही.

जुना पिस्टन

श्रीमंताच्या गाडीला क्रमांकपाटी, दिवे, धडक-चाचणी आणि धुराचे नियम आहेत. कुंपण आहेच, फक्त दुसऱ्या बाजूने घातलेले आहे.

वातरोध

हे मान्य. माझ्या वाक्यापेक्षा तुमचे वाक्य लेखात जास्त शोभेल.

विजेरी

विजेच्या गाडीला धुराच्या नियमांची अडचणच नसते, हे नोंदवून ठेवतो.

शून्य ते शंभर

सर्वांचे आभार, पण उत्तर अजून एका चौकटीत मावत नाही. टक्केवारी मिळणार नाही असे दिसते, म्हणून तिसऱ्या रकान्याचे शीर्षक बदलून 'रस्त्यासाठी काय करावे लागले' असे ठेवतो आणि शेजारी गाड्यांची संख्या देतो. मॅक्लारेनपुढे १९९० च्या दशकातली कारखान्याची किंमत लिहितो. एएमजी वनची चौकट भरली. वाल्किरी आणि टी.५० साठी प्रत्येकी एक वाक्य हवे आहे, पंधरा शब्दांहून मोठे नको.

वातरोध

वाल्किरीसाठी असे लिहा : 'इंजिन सांगाड्यालाच जखडलेले असल्याने आवाज थेट आत येतो, म्हणून बसणाऱ्यांना हेडसेट द्यावा लागला.' टी.५० ला पंधरा शब्द पुरणार नाहीत. तिच्या मागचा ४०० मिलिमीटरचा पंखा पाहून सगळे फॉर्म्युला वनच्या ब्रॅबम बीटी४६बी या गाडीची आठवण काढतात. ती मरी यांनीच आखलेली गाडी, १९७८ मध्ये चालक निकी लाउडा यांनी स्वीडनमध्ये तिच्यावर शर्यत जिंकली आणि नंतर ती पुन्हा धावली नाही. पण ब्रॅबमचा पंखा गाडीच्या कडांना लावलेल्या झालरींच्या आतली हवा खेचून तिला जमिनीला चिकटवत असे. रस्त्यावर अशा झालरी टिकणार नाहीत. टी.५० चा पंखा गाडीचा तळ मागे जिथे वर चढत जातो त्या चढावर साचणारी मंद हवा ओढून घेतो, त्यामुळे चढ तीव्र असूनही खालचा हवेचा प्रवाह तळापासून सुटत नाही.

जुना पिस्टन

'झालरी काढल्या, पंखा ठेवला आणि वजन १,००० किलोंच्या आत राखले.' हे पंधरा शब्दांत बसते.

वातरोध

तुम्ही तिथेही वजन घातलेच.